सोमवारचं पाणी

"मोजणीदार, या दोघांचं भांडण साधारण कुठल्या रंगाचं वाटतं तुम्हाला?"

नेवरेकर सरांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी तेव्हा पालीजवळच्या त्यांच्या गावात, भर उन्हात एका आंब्याच्या बागेत उभा होतो. डाव्या हाताला एक चुलतभाऊ, उजव्या हाताला दुसरा, आणि दोघेही एकमेकांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते. सगळी हयात जमिनी मोजण्यात गेलेल्या माझ्यासारख्या सरकारी माणसाला लोक काय काय विचारतात ते मला पाठ आहे. साहेब, चहा घेणार की सरबत? साहेब, दगड जरा तिकडे सरकत नाही का? रंग मात्र आजवर कोणी विचारला नव्हता. मी वळून बघितलं. जांभ्या दगडाच्या बुटक्या भिंतीवर, गडग्यावर, एक उंच, किडकिडीत माणूस बसला होता. लेंगा गुडघ्यापर्यंत दुमडलेला, हातात कोयती आणि शर्टाच्या खिशात रंगीत खडूंचे तुकडे. खिसा आतून सगळ्या रंगांचा झालेला.

"आमचे ड्रॉइंगचे सर," डावीकडचा भाऊ म्हणाला.

"आमचे पण," उजवीकडचा म्हणाला. त्या दिवशी दोघांचं एकमत झालं ते तेवढ्यावरच.

मी म्हटलं, "सर, भांडणाला रंग नसतो, क्षेत्रफळ असतं."

ते मनापासून हसले. "असतो हो. हे जांभळं आहे. जुनं आणि मुरलेलं."

मला वाटलं, माणूस उन्हाने बिघडला. मी हद्दीचे दगड रोवून घेतले, पंचनाम्यावर सह्या घेतल्या आणि कचेरीत निघून आलो. पावसाळ्यानंतर दुसऱ्या कामाला त्याच गावात गेलो तर माझ्या दगडांपैकी दोन गायब होते, पण बरोबर त्या रेषेवर काठ्यांच्या कुंपणात एक कोवळं रोप उभं होतं. ताम्हणाचं. जांभळ्या फुलांचं. आणि ते मात्र कोणी हलवलं नव्हतं. खरं सांगायचं तर मला थोडा रागच आला. इतक्या वर्षांत माझा एकही दगड असा टिकला नव्हता.

सरांची पद्धत ठरलेली होती. बांधावरून भांडण असेल तर दोघांच्या मधोमध झाड लावायचं, पण ते उत्पन्नाचं नसावं. आंबा नको, काजू नको, फणस नको, माड तर नकोच. "फळ आलं की कोण उतरवणार हे आलं. म्हणजे मी भांडणाचंच रोप लावल्यासारखं झालं," ते म्हणायचे. म्हणून ताम्हण, बहावा, पांगारा, सीताअशोक, कुडा अशी नुसती फुलणारी झाडं. खड्ड्यात दोघांनी आपापल्या अंगणातली माती आणून टाकायची. मग शिमग्यापासून पाऊस लागेपर्यंत, निदान दोन उन्हाळे, पाणी घालायचं. सोमवार, बुधवार, शुक्रवार एकाने. मंगळवार, गुरुवार, शनिवार दुसऱ्याने. रविवार देवाचा. "आणि देव कळशी उचलत नाही असा अनुभव आहे," सर म्हणायचे, "तेव्हा शनिवारवाल्याने थोडं जास्त घालायचं."

यातली सगळ्यात महत्त्वाची अट मला पुष्कळ उशिरा कळली. दुसऱ्याच्या वारी पाणी घालायचं नाही. झाड सुकलं तरी नाही. घालायचंच असेल तर त्याच्या दारात जाऊन विचारायचं, तोंडाने. निरोप चालणार नाही, फोन चालणार नाही. वरच्या वाडीतल्या दोन जावांची गोष्ट ते नेहमी सांगायचे. सांडपाण्यावरून अकरा वर्षं अबोला. झाड लावलं, दोघी आपापल्या वारी येऊन पाणी घालून जायच्या, एकमेकींकडे पाठ करून. मग थोरलीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. तिचे दोन वार चुकले. तिसऱ्या वारी धाकटी तिच्या पायरीशी जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "तुमचा वार मी घालू काय?" थोरली डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून बसली होती. म्हणाली, "अगो, विचारतेस काय, घाल नि चहाला ये." सर ही गोष्ट सांगताना इथे थांबायचे. पुढचं काही सांगायचेच नाहीत, म्हणजे चहा झाला की नाही ते मला आजतागायत माहीत नाही.

आता कोणी म्हणेल, लोक ऐकायचे कसे? अर्ध्या गावाला सरांनी चित्रकला शिकवली होती आणि उरलेल्या अर्ध्याच्या मुलांना. शिवाय कोर्टाच्या तारखांना माणूस कंटाळतोच. झाड लावलं म्हणजे कोणी हरलं असं होत नाही, ही त्यातली सोय. आणि सर पिच्छा पुरवायचे. नाही म्हणणाऱ्याच्या ओटीवर सकाळी जाऊन बसायचे आणि त्याच्याच नातवाला कागदावर बैल काढून द्यायचे. तीन दिवस बैल काढले की चौथ्या दिवशी माणूस खड्डा खणायचा.

हळूहळू माझं त्यांच्याकडे जाणं वाढलं. कामाला गावात गेलो की शेवटचा चहा त्यांच्याकडे. वहिनी चहा आणायच्या आणि म्हणायच्या, "आले का दुसरे रेघोट्यावाले." सरांच्या घराचं पुढचं दार फार सुरेख होतं, रुंद पिवळसर फळ्यांचं, हात लावला की गुळगुळीत. मी एकदा त्याची तारीफ केली. सर म्हणाले, "हं," आणि विषय बदलला. माणूस लाजाळू आहे असं मी धरून चाललो.

माणूस लाजाळू असेल, पण रंगांच्या बाबतीत मात्र अगदी निर्लज्ज होता. एका वैशाखात त्यांनी मला गावावरच्या सड्यावर नेलं. कातळाचं ते मोकळं पठार तापलेलं होतं आणि माझ्या चपलेचा तळ भाजत होता. "आता खाली बघा." मी बघितलं. खाली कौलं, माड, आंब्याच्या कलमांचा गडद हिरवा, आणि त्यातून एक वाकडीतिकडी रंगीत रेघ गेलेली. पिवळा बहावा, पलीकडे जांभळं ताम्हण, मग कुड्याचा पांढरा, पुन्हा पिवळा. ती सगळी गावाची भांडणं होती. त्यातली अर्धीअधिक मी स्वतः मोजलेली. नकाशावर त्या रेषा मी काळ्या शाईने काढल्या होत्या आणि त्या अशा दिसू शकतात असं माझ्या कधी मनात आलं नव्हतं.  मला रडू येईल की काय असं वाटलं, आणि सरकारी नोकराने सड्यावर उभं राहून रडणं बरं दिसत नाही.

सरांचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच. ते डोळे बारीक करून बघत होते. "तो बहावा आणि पुढचा बहावा, दोन्ही पिवळे लागून आलेत. मध्ये जांभळं हवं होतं. मुसळेंच्या आणि लाडांच्या बांधावर." जरा थांबून ते वैतागून म्हणाले, "पण मेल्यांचं पटतं फार! दोन वर्षं वाट बघतोय."

मी हसून हसून खाली बसलो आणि कातळाचा चटका बसून पुन्हा उठलो. हसताहसता मला दिसलं की त्या रेघेत एक जागा रिकामी आहे. सरांच्या घराशेजारी. मी बोट दाखवून विचारलं, "आणि तिथे?"

"तिथे कागद कोरा आहे," ते म्हणाले आणि उतरायला लागले.

त्या कोऱ्या जागेच्या पलीकडे सदानंदचं घर होतं. सदा म्हणजे सरांचा धाकटा भाऊ. मुंबईत छापखान्यात नोकरी करून निवृत्त झाला आणि गावाला येऊन वडिलांच्या अंगणातल्या आपल्या अर्ध्या हिश्श्यात त्याने दोन खोल्या बांधल्या. ते अंगण मीच मोजून दिलं होतं. माझ्या नोकरीतल्या शेवटच्या मोजण्यांपैकी ती एक. दोघे भाऊ अंगणाच्या दोन टोकांना उभे होते आणि माझ्याशीच बोलत होते. "त्यांना सांगा, तो दगड मला मान्य आहे." "त्यांना सांगा, मलाही आहे." इतकी शांत मोजणी मी कधी केली नव्हती. दोघांपैकी कोणीही बोटभर जास्त मागितली नाही. भांडण जमिनीचं नाही एवढं मला कळलं, पण कशाचं ते मी विचारलं नाही. मोजणीदाराने घरात शिरू नये, दारातूनच परत जावं, हे मी नोकरीत शिकलो होतो.

मग एका सत्काराचं निघालं. सड्यावरून काढलेला गावाचा फोटो सरांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने मोबाईलवर टाकला आणि तो पुष्कळ फिरला. रत्नागिरीत एका मंडळाने सरांना बोलावलं. मी बरोबर गेलो. मंचावर मोठा फलक होता, "शांततेसाठी जिवंत कला". सर तो फलक वाचून माझ्या कानात म्हणाले, "शांतता कसली, पाणी घाला म्हणावं." शाल झाली, श्रीफळ झालं, भाषणं झाली. मग प्रेक्षकांतल्या एक बाई उठल्या आणि अगदी साधेपणाने त्यांनी विचारलं, "सर, तुमच्या स्वतःच्या बांधावर तुम्ही कुठलं झाड लावलंय?"

सर माइकसमोर उभे होते. त्यांनी खिशातून खडूचा एक तुकडा काढला, त्याच्याकडे बघितलं आणि परत ठेवला. "नाही लावलं," ते म्हणाले आणि खाली बसले. लोकांना तो विनय वाटला असावा, कारण टाळ्या पडल्या.  परत येताना एस.टी.त ते शाल मांडीवर घेऊन तिच्या कडेचे दोरे ओढत बसले होते. पाली आल्यावर म्हणाले, "मोजणीदार, तुम्ही सदाला विचाराल का?"

मी निवृत्त होऊन पालीतच राहायला आलो होतो, वेळच वेळ होता. मी म्हटलं विचारतो. आज वाटतं, तिथेच मी "नाही, तुम्हीच विचारा" म्हणायला हवं होतं. दुसऱ्या सगळ्यांना तोंडाने विचारायला लावणाऱ्या या माणसाने स्वतः मात्र निरोप्या पाठवला होता, आणि तो निरोप्या मी होतो.

त्याच पावसाळ्यात सरांच्या मूत्रपिंडांनी दगा दिला. आठवड्यातून तीन दिवस रत्नागिरीला जाऊन रक्त धुवून घ्यायचं असं ठरलं. मंगळवार, गुरुवार, शनिवार. सकाळी ओळखीची रिक्षा यायची, सर आणि वहिनी जायचे ते तिसऱ्या प्रहरी परतायचे. "म्हणजे माझे वार आपोआप ठरले," सर म्हणाले. "सोम, बुध, शुक्र."

मी सदाला विचारलं होतं आणि तो "लावा" एवढंच म्हणाला होता, म्हणून श्रावणात झाड लावलं. मी रोप बघून चकित झालो. फणस होता.

"सर, उत्पन्नाचं झाड? आणि चित्रात हिरव्यात हिरवंच होणार. इथे पिवळं हवं, तुम्हीच म्हणालात."

"चित्र राहू दे," ते म्हणाले.

सदा आला. वर्तमानपत्राच्या कागदात त्याने अंगणातली माती आणली होती. खड्ड्याशी आल्यावर त्याला रोप दिसलं आणि तो थबकला. बराच वेळ नुसता त्या पानांकडे बघत राहिला. मग माती टाकली, दोन बोटांनी रोप धरलं, सोडलं आणि निघून गेला. दोघांत शब्द झाला नाही. तरी सर त्या दिवशी इतके खुशीत होते की त्यांनी वहिनींना दोनदा चहा करायला लावला आणि स्वतःला परवानगी नसताना त्यातला अर्धा कप प्यायले.

शिमगा झाला, ऊन चढलं आणि पाण्याचे वार सुरू झाले. सरांना डॉक्टरांनी दिवसाचं पाणी मोजून दिलं होतं. ते एका छोट्या तांब्यात भरून ठेवत आणि घोट घोट करून संध्याकाळपर्यंत पुरवत. उन्हाने त्यांचे ओठ फुटलेले असायचे. आणि हा माणूस सोमवारी सकाळी विहिरीवरून अर्धी अर्धी कळशी दोन खेपांत आणून त्या फणसाला घालायचा. पाणी मुरेपर्यंत तिथे उकिडवा बसून राहायचा. मी एकदा म्हटलं, मी आणतो. तर म्हणाले, "वार माझा आहे."

सदाने मात्र एकदाही पाणी घातलं नाही. मंगळवार कोरडा, गुरुवार कोरडा, शनिवारही कोरडा. रोप जेमतेम वर्षाचं, खाली हातभर मातीनंतर कातळ. आठवड्यातल्या तीन दिवसांचं पाणी त्याला पुरेना. चैत्र अर्धा झाला तेव्हा खालची पानं तांबूस होऊन गळायला लागली. वहिनी माझ्याशी बोलताना रडल्या. "अहो, सांगा ना त्यांना, चार तांबे जास्त घालायला काय होतं? ते रोप गेलं तर हे पण जातील." मी सरांना सांगितलं. ते म्हणाले, "त्याच्या वारी मी घातलं तर ते झाड माझं एकट्याचं होईल. माझं एकट्याचं झाड घेऊन मी काय करू?"

"मग जाऊन विचारा."

ते रिकामी कळशी उचलून आत निघून गेले.

आणि मग मी शहाणपणा केला. एका मंगळवारी स्कूटर घेऊन गेलो. घराला कुलूप, सदाची खिडकी बंद, आणि फणसाची पानं खाली मान घालून लोंबलेली. मी विहिरीतून दोन कळश्या काढल्या आणि घातल्या. कोणाला विचारलं नाही. गुरुवारी पुन्हा गेलो. शनिवारी पुन्हा. झाड वाचवायला कोणाची परवानगी लागते, असं त्या वेळी मला वाटत होतं.

शनिवारी संध्याकाळी सरांचा फोन आला. आवाज इतका वर चढला होता की मी ओळखलाच नाही. "मोजणीदार! सदाने पाणी घातलंय! मंगळवारी पण माती ओली होती, मला वाटलं भास झाला. गुरुवारी पण. आणि आज तर आळं भरून घातलंय!"

मी सांगायला हवं होतं. तोंड उघडलं आणि त्यातून आलं ते एवढंच, "हो का? वा!"

पुढचं मला वहिनींनी सांगितलं. रविवारी सकाळी सरांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. आढीत पिकलेले पहिले पाच हापूस पिशवीत घेतले आणि गडग्यातल्या वाटेने भावाच्या अंगणात गेले. पायांना सूज होती, तरी काठी घेतली नाही. दहा मिनिटांत परत आले. पिशवीत पाचही आंबे तसेच होते. वहिनींनी विचारलं, काय झालं? तर म्हणाले, "त्याने नाही घातलं." मग दिवसभर पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

सोमवारी मी गेलो तेव्हा ते फणसाला पाणी घालून तिथेच बसले होते.

"तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"मी," मी म्हटलं. "चुकलो, सर."

मला वाटलं, चिडतील. मी मनातून तीच इच्छा करत होतो. त्यांनी मला शेजारी बसायला सांगितलं आणि घराकडे बोट केलं. "ते दार बघा. तुम्हाला आवडतं ना? ते इथे उभं होतं. बरोबर इथे."

वडिलांनी लावलेला फणस होता तो. सर नवं घर बांधत होते. सुतार म्हणाला, घरचा फणस असताना दाराला लाकूड विकत कशाला घेता? सदा तेव्हा मुंबईत. "पत्र टाकावं असं मनात आलं होतं," सर म्हणाले. "पत्र जाऊन उत्तर यायचं म्हणजे दहा-बारा दिवस. तेवढ्यासाठी सुतार खोळंबला असता. मग तोडला. मे महिन्यात सदा पोरांना घेऊन आला. पोरं वर्षभर त्या फणसाच्या गोष्टी ऐकत असायची, ती एस.टी.तून उतरून धावत आली. बुंधा राहिला होता नुसता. सदा ओरडला नाही हो. म्हणाला, 'अण्णा, विचारलं असतंस तर होय म्हटलं असतं.' आणि मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, 'त्यात विचारायचं काय?'"

ते वाक्य बोलताना त्यांनी मान खाली घातली. "त्यानंतर पुढच्या पावसाळ्यापासून मी लोकांच्या बांधावर झाडं लावत सुटलो. सगळं गाव लावून झालं."

मी मातीत बोट फिरवत बसलो. मला माझ्या त्या सहा कळश्यांची लाज वाटत होती. थोड्या वेळाने ते म्हणाले, "तुम्ही त्याचे वार घेतलेत. त्याला जाऊन सांगायला हवं तुम्ही."

मी गेलो. सदा खिडकीशी चष्मा लावून वर्तमानपत्र वाचत होता. त्याने खुर्ची दिली. मी सगळं सांगितलं, माफी मागितली. त्याने पेपराची घडी घातली.

"तुम्ही चांगले आहात हो," तो म्हणाला. "पण बघा. झाड लावूया म्हणून विचारायला आलात तुम्ही. पाणी घातलंत तुम्ही. आता माफी मागायला पण तुम्हीच. ह्यात तो कुठं आहे? काल आला. मला वाटलं, आता बोलेल. तर म्हणतो, पाणी घातलंस, बरं वाटलं. माझं कौतुक करायला आलावता." त्याने चष्मा काढून पेपरावर ठेवला. "मुंबईत दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं झोपायचो आम्ही. डोळे मिटले की मी त्या फणसाखाली जाऊन निजायचो. तो तोडलान. त्याचं दार केलंन. सांगा त्याला, त्या दारातून मी आत यायचा नाय."

"ते फार आजारी आहेत."

"माहित्येय मला," सदा म्हणाला. "मंगळवारी रिक्षा जाते ती खिडकीच्या फटीतून बघतो मी. परत येईपर्यंत खिडकी सोडत नाय."

मी सरांना जसंच्या तसं सांगितलं. काही गाळलं नाही, कारण गाळून काय होतं ते मी पाहिलं होतं. त्यांनी ऐकून घेतलं. "बरोबर आहे त्याचं," एवढंच म्हणाले.

त्यानंतरच्या शुक्रवारी मी त्यांना शेवटचं अंगणात पाहिलं. पायांनी आता चालवत नव्हतं. वहिनींनी आणि मी मिळून त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून अंगणाच्या कडेला नेलं. कळशी मी आणली, पण तांब्याने पाणी त्यांनीच घातलं, वाकून, एक एक तांब्या. मग बोटांनी आळ्याची माती सारखी केली. फणसाला वरची चार पानं राहिली होती. ते झाल्यावर त्यांनी खुर्ची वळवून मागितली, सदाच्या घराकडे तोंड करून. खिडकी बंद होती.

"सदा!" त्यांनी हाक मारली. आवाज फार लांब जाण्यासारखा नव्हता. "सदा, फणस मी तुला न विचारता तोडला. चूक झाली माझी. तुझी पोरं धावत आली होती ती मला रोज दिसतात. मी तुला विचारायला हवं होतं."

आम्ही थांबलो. कावळे ओरडत होते, हमरस्त्यावरून ट्रक जात होते. खिडकी उघडली नाही. ऊन खुर्चीपर्यंत आलं तेव्हा वहिनी म्हणाल्या, चला आता आत. सर म्हणाले, "थांब जरा." ऊन डोक्यावर येईपर्यंत ते तसेच बसून होते. मग म्हणाले, "चला."

शनिवारी त्यांना रत्नागिरीला नेण्यासारखी अवस्था नव्हती. रविवारी दुपारी ते गेले. मुलगा पुण्याहून यायचा होता म्हणून सकाळपर्यंत ठेवायचं ठरलं.

सकाळी मी पोचलो तेव्हा सगळं गाव अंगणात होतं. ते ताम्हणवाले चुलतभाऊ बांबू तासत होते. त्या दोन जावा वहिनींच्या दोन बाजूंना बसल्या होत्या. सरांना माजघरात खाली घेतलं होतं, अंगावर सत्काराची ती शाल. शर्ट नवा घातला होता, पण हात कोणी नीट धुतले नसावेत. नखांत शुक्रवारची तांबडी माती तशीच होती.

अंगणातली कुजबुज एकदम थांबली म्हणून मी बाहेर बघितलं. गडग्यातल्या वाटेने सदा येत होता. हातात पाण्याने भरलेली कळशी. पाणी हिंदकळून त्याचं धोतर एका बाजूने भिजलं होतं. तो फणसाच्या रोपाशी थांबला नाही. लोक बाजूला झाले. तो पायऱ्या चढला आणि दाराशी उभा राहिला. मोकळा हात त्याने दारावर ठेवला, पंजा पसरून, बुंध्यावर ठेवतात तसा. बराच वेळ ठेवला. मग उंबरा ओलांडून आत आला आणि सरांच्या पायांशी उभा राहिला.

"अण्णा," तो म्हणाला, "आज सोमवार. तुझा वार. मी घालू काय?"

अंगणात बांबूंना सुंभ बांधणारे हात थांबले. वहिनींनी तोंडाला पदर लावला. सदाने कळशी खाली ठेवली नाही. जरासा पुढे वाकून, सरांच्या तोंडाकडे बघत, तो उत्तराची वाट बघत उभा राहिला.